मरूगोल हे नाव कोणाकडे राहावे याविषयी

चांगह्योप, हा कागद तू वाचशील आणि चष्म्यासारखा कुठेतरी ठेवून विसरशील, हे तुझ्या आईला ठाऊक आहे. म्हणून एक प्रत दासोमकडे आणि एक नोटरी प्योसाहेबांच्या कपाटात राहील. तुझी हरवली तरी चालेल.

मी, ब्योन जमनाम, वय सत्त्याऐंशी, राहणार आन्दोंगजवळ, धरणाच्या वरची वाडी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. प्योसाहेब म्हणाले, "आजीबाई, शुद्धीत आहात हे कशावरून लिहू?" मी म्हटले, "तुमच्या शर्टाची गुंडी भलत्याच काजात आहे. दिसतंय मला. पुरे?" त्यांनी पुरे मानले.

एक. राहते घर आणि अंगणातले सोयाबीन मुरवण्याचे सर्व रांजण माझी नात क्वोन दासोम हिला द्यावेत. ती रांजण पुसताना त्यांच्याशी बोलते, आणि ते तिचे ऐकतात. माळावरची जमीन दासोमचा बाप, म्हणजे माझा मुलगा क्वोन चांगह्योप याला. तिथे काही पिकत नाही, पण संध्याकाळी तिथून पाणी फार सुंदर दिसते.

दोन. धाकट्या जावेला माझे लोकरी जाकीट देऊ नये. कारण तिला माहीत आहे.

तीन. आता मुख्य बाब, म्हणजे "मरूगोल" हे डोमेन नाव.

मरूगोल माझे माहेर. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. लग्न होऊन वर डोंगरावर आले त्या दिवसापासून मी मरूगोलवाली झाले. जमनाम म्हणायला कोणी उरले नाही. पुढे धरण झाले. खालचे माझे गाव बुडाले, रानद्राक्षांचे वेल बुडाले, टपालवाल्यानेही ते नाव सोडून दिले. उरले ते मला हाक मारण्यापुरते.

ते नाव दासोमने रांजणांच्या वेबसाइटला घेतले. मी विचारले, "अगं, बुडालेल्या गावाचा पत्ता तुला दिला कोणी?"

"आजी, त्याला जमीन लागत नाही. नाव मोकळं असलं की झालं."

मला जसे कळले तसेच लिहा, प्योसाहेब, म्हणजे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळेल. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या डोक्यात आकडे राहत नाहीत, नाव राहते. म्हणून कोणी आमचे नाव टाकले की विचारपूस सुरू होते, आणि ती शेपटाकडून. शेवटचा तुकडा देशाचा, तर आधी त्या देशाच्या चौकीवर. चौकीवाला म्हणतो, "घर मला ठाऊक नाही बुवा, पण त्यांची माहिती अमक्याकडे असते." तो अमका सांगतो, "मरूगोल ना? मग या आकड्यावर जा." माझा भाऊ मला पहिल्यांदा भेटायला आला तो असाच: बसथांब्यावर लोकांनी डोंगर दाखवला, डोंगरावर गिरणी दाखवली, गिरणीवाल्याने आमचे दार दाखवले. त्याला दिवस लागला, इथे पापणी लवायच्या आत होते.

त्या आकड्यावर जे घर असते त्याला सर्व्हर म्हणतात. दासोमने मागे ते घर बदलले, नाव तेच ठेवले. फक्त त्या अमक्याला नवा आकडा कळवला. तरी काही जण थोडा वेळ जुन्याच दारी जात राहिले, कारण त्यांच्याकडे आधीचे उत्तर जपून ठेवलेले होते. "विसरतील गं," दासोम म्हणाली.

आधी तिथे फक्त रांजणांची चित्रे होती. मग बुसानहून एका म्हाताऱ्याने विचारले, "हे आमचंच मरूगोल का? झऱ्याच्या वर वाकडं पाइनचं झाड होतं, ते?" मग इंचनहून एक बाई आली, मग आणखी. कोणाचे दार कुठे होते ते प्रत्येक जण सांगतो आणि दासोम त्याचे चित्र काढते. दिवेलागणीला ती वाचते, मी डोळे मिटते. एकेक घर वर येते. चुलीतून धूर निघतो, धुरातून मासे जातात, आई ओसरीवर कोबी धूत असते आणि मान वर न करता म्हणते, "आलीस? बस."

चार. रांजणासारखे नावही एकदा घेतले की आपले, असे मी समजत होते. तसे नसते. नाव वर्षाच्या बोलीने मिळते. मुदत सरली की "अजून हवं आहे" म्हणून पुन्हा पैसे भरावे लागतात. कार्ड चांगह्योपचे, म्हणून नोंद त्याच्या नावावर, आणि आठवणीची पत्रे त्याच्या सोडलेल्या कचेरीच्या पत्त्यावर. गेल्या शरदात सगळे बंद पडले. बुसानचा म्हातारा फोनवर ओरडला, "मरूगोलवाली, गाव दिसत नाही हो! पुन्हा बुडालं का?"

मुदत संपली तरी नाव लगेच दुसऱ्याला जात नाही, थोडे दिवस थांबते. तेवढ्यात दासोमने सोडवले. धरणाच्या तळ्याकाठी होणारे एक हॉटेल त्याच नावावर टपून होते.

चांगह्योप म्हणाला, "आई, देऊन टाकू त्यांना. नावाला काय चाटायचंय?"

"बाळा, मला त्याच नावाने हाक मारतात. मलाही हॉटेलात ठेवतोस का?"

तो उठून गेला, तेव्हापासून आलेला नाही.

म्हणून: सदर नावाची नोंद मी जिवंत असतानाच दासोमच्या नावावर करावी, कारण यंत्र मृत्युपत्र वाचत नाही. आठवणीचे पत्र तिला आणि तिच्या बापाला, दोघांनाही जावे. नाव विकू नये, उसने देऊ नये. मरूगोलात तुमचे दार कुठे होते असे विचारणारे शेवटचे माणूस गेले, की मात्र खुशाल सोडावे. मग तिथे कोणी झोपायच्या खोल्या भाड्याने दिल्या तरी माझी हरकत नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी प्योसाहेबांनी माझे बोलणे सभ्य केले होते, ते परत होते तसे करवून घेतले.

साक्षीदार: उम थेबोक, निवृत्त बसचालक.
साक्षीदार: सॉक मिग्योंग, मधमाश्या पाळणारी.
ब्योन जमनाम हिचा शिक्का, स्वहस्ते.
आन्दोंग, ९ नोव्हेंबर २०२३.

शिक्का मारल्यावर सांगितलेले, साक्षीदार हजर असताना: यंत्राचे पत्र चांगह्योप उघडत नाही, पण खाण्याचे खोके तो जिन्यातच फाडतो. म्हणून नावाची मुदत जवळ आली की दासोमने दरवर्षी बापाला खोके पाठवावे. आत चिठ्ठी नको, टोमणा नको. "मीठ जास्त झालंय" म्हणून त्याचा फोन येईल, तेव्हा "बाबा, नावाचे पैसे भरायला बसायचंय, येता का?" एवढेच विचारावे. चार वर्षे मुरलेले सोयाबीन, तिखटातला मुळा आणि सुकवलेली पर्सिमॉनची फळे पाठवावीत. पर्सिमॉन बियांसकट, म्हणजे हॉटेलचा विषय काढायला त्याचे तोंड लवकर मोकळे होणार नाही.