कान लावून पास केलेली गाडी

प्रिय अनिस,

चिंचवडहून दिघीला बसने पाऊण तास लागतो आणि पत्राला चार दिवस. तरी पत्रच लिहितोय. समोर आलो की तू चहा मागवतोस, आणि तुझा चहा हातात असताना मला खरं बोलता येत नाही. गेल्या मंगळवारी तुझ्या गॅरेजात तेच झालं. ग्राहक आयोगाची नोटीस माझ्यापुढे सरकवून तू म्हणालास, "ज्योत्या, तुझी जाहिरातवाल्यांत ऊठबस आहे. ही जाहिरात कोणी लिहिली तेवढं शोधून दे राव." मी म्हणालो, "बघतो." आणि दुसरं बिस्किट घेतलं.

नोटिशीपेक्षा तुला सुमनताईंचा अबोला जास्त लागलाय, हे मला दिसतं. मोशीत खानावळ चालवणारी बाई, पंधरा वर्षं स्कूटरचा साधा ब्रेकही तुझ्याशिवाय कुणाला आवळू दिला नाही. चाकणच्या कंपनीत दुपारचे ऐंशी डबे पोचवायचं काम मिळालं, म्हणून त्यांनी जुन्या गाड्या विकणाऱ्या दौलतरावांच्या गाळ्यातून एक व्हॅन घेतली. ती दोन दिवस पुराच्या पाण्यात उभी होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात नाशिक रस्त्यावर वायरिंग जळालं. धूर बघून त्या आणि त्यांची सून दीपमाला उड्या मारून उतरल्या, जीव वाचला एवढंच. डबे रस्त्याच्या कडेला राहिले, शिफ्टची जेवणाची सुट्टी टळून गेली, आणि कंपनीने काम दुसऱ्याला दिलं. तक्रारीत त्यांनी लिहिलंय, "मी गाडी बघून घेतली नाही. अनिसभाईचं नाव बघून घेतली." वीस वर्षं जाहिराती लिहितोय, इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही.

आता दौलतरावांच्या त्या जाहिरातीबद्दल. 'इथली प्रत्येक गाडी अनिसभाईने कान लावून पास केलेली. डोळे मिटून घेऊन जा!' पेपरात ती आली त्या रविवारी मी तुझ्याच गॅरेजात होतो. हीना ओरडली, "अब्बू, तुमचं नाव बघा केवढं मोठं!" उझ्मा वहिनींनी हात पुसून कागद घेतला आणि दोनदा वाचला. दिवाळीत तू दौलतरावांच्या तीन गाड्या तपासल्या होत्यास. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, नेहमीसारखं. तुला वाटलं, त्याचंच कौतुक छापलंय. गाळ्यात आणखी अकरा गाड्या होत्या, त्या तू पाहिल्याही नव्हत्यास. "आयला, फुकटात मोठा माणूस केला मला," म्हणून तू हसलास आणि ते कात्रण भिंतीवर लावायला उठलास. चिकटपट्टी मी कापून दिली. आता त्याच भिंतीचा फोटो दौलतरावांच्या वकिलाने आयोगात लावलाय. म्हणे, बघा, यांची नुसती संमतीच नव्हे, यांना अभिमानसुद्धा होता!

अनिस, ती जाहिरात मी लिहिली.

नियम ठाऊक नव्हता म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. २०२२ साली फसव्या जाहिरातींबद्दल केंद्राचे नवे नियम आले तेव्हा आमच्या ऑफिसात त्यावर व्याख्यान झालं होतं. मी पुढच्याच रांगेत बसून वहीत व्याख्यात्याचं व्यंगचित्र काढत होतो. एखाद्या माणसाच्या नावाने वस्तूची शिफारस छापायची तर ते त्याचं खरं, स्वतः अनुभवून झालेलं मत हवं. खाली काही अट टाकायची तर दाव्याच्याच भाषेत, त्याच टाइपात, आणि तिने दाव्यावर बोळा फिरवता कामा नये. मी काय केलं? तुझं नाव मराठीत मुठीएवढं छापलं, आणि तळाशी, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात, इंग्रजीत टाकलं की हे फक्त निवडक गाड्यांसाठी. मोठं खोटं मायबोलीत, बारीक खरं परक्या भाषेत. सुमनताई चौथीपर्यंत शिकल्या. त्यांनी मराठी पूर्ण वाचलं.

नियमाचं मी दौलतरावांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "अवो, कायदा काय गिऱ्हाईक वाचतंय व्हय? तुमी आपलं ग्वाड लिवा." मी गोड लिहिलं. छापायला जाण्याआधी तुला ओढत नेऊन उरलेल्या अकरा गाड्या दाखवायच्या, असं ठरवलंही होतं. तू भाचीच्या लग्नाला लातूरला गेलास आणि जाहिरात ठरल्या दिवशी गेली. त्या रविवारी सांगता आलं असतं. तुम्हा तिघांच्या आनंदावर पाणी नको, असं मी मनाला समजावलं. स्वतःसाठी केलेली ती माझी सगळ्यात यशस्वी जाहिरात.

काल मी तुझ्या वकिलांना, बुद्धभूषणना, भेटलो. ते म्हणाले, "अनिसभाई ओरडून सांगतायत की ती व्हॅन बघितलीच नाही, पण त्यांच्या बाजूने लिहून देणारा कुणी नाही." म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच माझ्या हस्ताक्षरात. वाचून तू ते फाडशील, 'ज्योत्याच्या पोटावर पाय नको' म्हणशील. ते चालणार नाही. एक प्रत वकिलांकडे देतोय, दुसरी घेऊन लगेच मोशीला निघतोय. सुमनताई दारातून हाकलतील, पण प्रत हातात घेतील तोवर मी हलणार नाही. बुद्धभूषण म्हणाले, प्रतिज्ञापत्र नंतर रीतसर करू, तूर्त विनोद न करता सरळ लिहा. तर लिहितो. सुमनताईंनी घेतलेली व्हॅन अनिसने विक्रीपूर्वी कधीही तपासलेली नव्हती. त्याचं नाव मी त्याला न विचारता छापलं. ते छापताना हे खोटं आहे, हे मला माहीत होतं.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
ज्योतीराम