तिसऱ्या मजल्यावर थांबणारी खुर्ची

शेनगांग,
सातवा महिना, वीस तारीख (जुन्या पंचांगाची. नव्या तारखेचं कॅलेंडर ड्रिलच्या मागे पडलं आहे आणि तिथे हात पोचत नाही.)

प्रिय ताई,

तुला कंबरेपासून वाकून नमस्कार. दाजींना जरा कमी वाकून, कारण एक तर माझी पाठ धरली आहे आणि दुसरं म्हणजे त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक शंका आहे, ती पुढे येईलच. तुझा रक्तदाब, दाजींची साखर आणि ताओयुआनची हवा ही तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे होते तसेच आहेत. तुझी भावजय बी-श्या माझ्याशी बोलते आहे, म्हणजे तीही ठीक. शेजारचे यूकाका अजून रोज सकाळी चहाचा पेला घेऊन माझ्या कारखान्याच्या दारात उभे राहतात आणि मी काय चुकवतो आहे ते मी चुकवायच्या आधी सांगतात. (तू त्याला कारखाना म्हणत नाहीस, "मोटारसायकल लावायची जागा" म्हणतेस. असो. लेथ आहे, वेल्डिंग आहे, वाइस आहे. मोटारसायकल बाहेर भिजते.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर बोललं की आई ऐकते, आणि पत्र लिहिताना तिला वाटतं मी विजेचं बिल तपासतो आहे.

ड्रॅगन-नौकांच्या सणाला आई बांबूच्या पानातल्या भाताची थाळी घेऊन चौथ्या मजल्यावर पूर्वजांना नैवेद्य दाखवायला निघाली आणि दुसऱ्या मजल्यावर घसरली, ते तुझ्या डोळ्यांदेखतच झालं. भात वाचला. आईने थाळी सोडली नाही, गुडघा सोडला. मग जेवताना तू जाहीर केलंस की मध्य-शरदाचा चंद्र झाला की आई तुझ्याकडे, लिफ्टच्या इमारतीत. तू ते असं सांगितलंस जसं दाजी बँकेत व्याजाचा नवा दर सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याने फक्त मान डोलवायची. आई पानावरची दोरी सोडत राहिली. मी तोंडात भात असताना म्हणालो, मी जिन्याला खुर्ची बसवतो. बी-श्याने माझ्याकडे पाहिलं. तू हसलीस. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मोटर किती हॉर्सपॉवरची घेणार?" ताई, तीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या गाडीचे हॉर्सपॉवर विचारले नाहीत. पहिली पाल तिथे चुकचुकली.

सातव्या महिन्यात भुतं मोकळी सुटलेली असतात, कोणी घर बदलत नाही, त्यामुळे मला सव्वातीन महिने हातात मिळाले. (या एका बाबतीत भुतांनी माझी बाजू घेतली. घरातल्या जिवंत माणसांबद्दल तसं म्हणता येणार नाही.) बाजारातलं न्हाव्याचं दुकान बंद झालं, तिथून खुर्ची आणली. गुंडाळणाऱ्या लोखंडी दरवाजाची जुनी मोटर भंगारातून. रूळ मी स्वतः वाकवला. जिन्याला तीन वळणं, प्रत्येक वळणाला चार दिवस, आणि प्रत्येक दिवशी यूकाका दारात. "उलट्या बाजूने वाकवतोयस," म्हणाले. मी म्हटलं, काका, तुम्ही चाळीस वर्षं छत्र्यांच्या काड्या केल्यात. ते म्हणाले, "म्हणून तर वाकलेलं काय ते मला कळतं." आणि दुसऱ्या वळणाला मी खरोखरच उलट्या बाजूने वाकवत होतो, हे लिहायला मला आवडत नाही, पण तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा हे बरं.

पाचव्या आठवड्यात खुर्ची चालली. तीस-तीस किलोची तांदळाची तीन पोती बसवून वर पाठवली, चौथ्या मजल्यापर्यंत गेली आणि सुखरूप परत आली. बी-श्याला बसवलं, ती गेली, परत आली, म्हणाली, "आवाज दळणाच्या चक्कीसारखा येतो." (हे कौतुक आहे. एकवीस वर्षांच्या संसारात मी तिची भाषा शिकलो आहे.) यूकाका बसले आणि उतरायला तयार होईनात. मोटरच्या डोक्यावर मी रीतीप्रमाणे कुरमुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली. तुमच्या बँकेत ठेवत नसतील, पण इकडे प्रत्येक कारखान्यात प्रत्येक यंत्रावर ती असते, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली चालत नाही, आणि कोणी खायची तर अजिबात नाही. मी तारीख दोनदा वाचली, चष्मा लावून.

मग आईला बसवलं. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. तिसऱ्या मजल्याचं वळण संपलं आणि खुर्ची थांबली. आई उतरली, उदबत्तीची पिशवी सावरली, कठड्याला धरून उरलेल्या सतरा पायऱ्या चढून गेली. मी उघडली मोटर. काही नाही. पोती बसवली, वरपर्यंत गेली. आईला बसवलं, तिसऱ्या मजल्यावर थांबली. असं नऊ दिवस. आईचं वजन पोत्यांच्या निम्मं. मी वायर बदलली, रिले बदलला, वळणावरचा स्विच तीनदा बदलला, आईच्या स्वेटरमधून वीज निघते का तेही पाहिलं. यूकाका म्हणाले, "यंत्राला माणूस ओळखता येतो." मी म्हटलं, मग तुम्हाला कसं नेलं? तेव्हापासून दोन दिवस ते दारात आले नाहीत. त्यावरून माझा त्यांच्यावरचा संशय वाढला, कारण निर्दोष माणूस दुसऱ्या दिवशी येतो.

आणि पुडी नाहीशी झाली. मी नवी ठेवली, तीही गेली. आता ताई, तूच सांग, यात कोणाचा फायदा? खुर्ची चालली नाही तर आई कोणाकडे जाणार? माझी पाल आता चुकचुकत नव्हती, भाषण देत होती. मागच्या महिन्यात दाजी "सहज" आले होते, पेअरची पेटी घेऊन. सहज माणूस रेल्वेने दोन तास बसून येत नाही. त्यांनी पुडीकडे बोट दाखवून विचारलं, "हा खाऊ इथे का?" मला तेव्हाच कळायला हवं होतं की चौकशी चालली आहे. मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला, ताई, तो सविस्तर लिहीत नाही. त्यात तू रात्री फोन करून बी-श्याला सूचना देतेस, बी-श्या पुडी उचलते, आणि मध्य-शरदाला तिला तुझ्याकडून मिक्सर मिळतो, इथपर्यंत मी पोचलो होतो. बी-श्याला मी आडून विचारलं की तुला मिक्सर हवा आहे का. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं नाही का?" अपराधी माणूस असंच विषय बदलतो.

तेव्हा मी सापळा लावला. तिसरी पुडी ठेवली आणि तिला ग्रॅफाइटची काळी भुकटी अशी लावली की हात लावील त्याची बोटं दोन दिवस काळी राहावीत. सकाळी सगळ्यांचे हात पाहिले. बी-श्याचे स्वच्छ. यूकाकांचे स्वच्छ (त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं. आपल्याशी समेट झाला असं त्यांना वाटलं, आणि ते रडवेले झाले. मला लाज वाटली, पण हात पाहिल्यानंतर). आईचे हात सकाळी भाजी धुऊन नेहमीच स्वच्छ असतात, म्हणून पाहिले नाहीत. पुडी मात्र गेलेलीच होती.

पंधरा तारखेला, सगळ्या भुतांच्या नैवेद्याच्या दिवशी, वरच्या देवघरातली संत्री खाली आली. मी एक सोललं, खाल्लं, आणि बी-श्या माझ्याकडे बघत राहिली. "तोंडाला काय फासलंय?" आरशात पाहिलं तर हनुवटीपर्यंत काळं. संत्र्याच्या सालीवर बोटांचे चार ठसे, लहान, एक जरा वाकडा. ते वाकडं बोट तू ओळखतेस. आपल्या दोघांच्या कानाशी त्याची जुनी ओळख आहे.

मी वर गेलो. चौथ्या मजल्यावर देवघरात बाबांच्या नावाच्या पाटीसमोर तिन्ही हिरव्या पुड्या ओळीने उभ्या होत्या, उदबत्त्यांच्या भांड्याच्या डाव्या अंगाला, तारीख पुढे करून. आई तिथेच स्टुलावर बसलेली.

"आई, या मोटरवरच्या आहेत."

"माहीत आहे."

"मग इथे?"

"शहाण्यासारखं वागायची गरज मोटरला नाहीये," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना आहे."

मग सगळं बाहेर आलं, ताई. खुर्ची आईच थांबवत होती. उजव्या हाताखाली लाल बटण आहे ना, तेच. मीच बसवलं, तिला भीती वाटली तर दाबता यावं म्हणून. हात उचलला की ते आपोआप बाहेर येतं आणि कोणी दाबलं होतं त्याचा मागमूस उरत नाही, हीसुद्धा माझीच हुशारी. नऊ दिवस मी मोटर उघडत होतो आणि चोर त्याच खुर्चीवर बसून माझ्यासाठी टॉर्च धरत होता.

का, म्हणून विचारलं. तिचं म्हणणं, तिसऱ्या मजल्यापर्यंत आपलं घर, त्याच्यावर बाबांचं. त्यांच्या घरात पाय पुढे टाकून बसून जायचं तर आधी त्यांना विचारायला नको? आणि मी विचारलं नव्हतं. मोटरसाठी पुडी आणली, तारीख दोनदा वाचली, पण ज्याच्या दारात यंत्र नेतो आहे त्या बापाला एक उदबत्ती लावून सांगितलं नाही. (बाबांनी हयातीत माझं एकही यंत्र पास केलं नव्हतं. मेल्यावर अर्ज करायचा हे माझ्या डोक्यात आलं नाही.) म्हणून आईने स्वतःच विचारलं, दोन चंद्रकोरी ठोकळे टाकून. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे बाबा हसले, ना हो, ना नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हसले. सात दिवस हसले.

"तू विचारलंस काय नेमकं?"

"काय विचारणार? म्हटलं, आ-युआनच्या खुर्चीवर बसू, का पायीच येऊ, का शिऊ-लुआनकडे जाऊ?"

"आई, एका दमात तीन प्रश्न. ठोकळे दोन आहेत. जिवंत माणूससुद्धा हसेल."

"जिवंतपणी कधी हसले ते?" आई म्हणाली. "म्हणून तर मला वाटलं, काहीतरी बिनसलंय."

मला का नाही सांगितलं, यावर तिने जे उत्तर दिलं ते तसंच लिहितो. "यंत्र बिघडलं म्हटलं की तू दुरुस्त करत बसतोस, जेवतोस, झोपतोस. बाबा नाही म्हणतायत म्हटलं असतं तर दहा वर्षांचा असताना बसायचास तसा जिन्याखाली जाऊन बसला असतास."

मी जिन्याखालीच असतो आता, माझा कारखाना तिथेच आहे, पण तो मुद्दा मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी एकेक प्रश्न सुटा विचारला. वरपर्यंत बसून येऊ? दोन्ही फुगीर, साफ नाही. तिसऱ्यापर्यंत बसून, पुढे पायी? एक सपाट, एक फुगीर. हो. लागोपाठ तीनदा हो. खाली उतरताना सगळा जिना बसून? हो, तीनदा. आता माझी शंका अशी, की बाबांनी आयुष्यात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर इतक्या झटपट दिलं नव्हतं, आणि ठोकळे टाकताना आईचा अंगठा मला जरा जास्त हुशार वाटला. पण पुरावा नाही. डॉक्टर म्हणतात गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो, तेव्हा दिवसातून दोनदा तो वाचला. मला वळणावर एक कायमचा थांबा करून द्यावा लागला, आणि तिथे आई उतरते, पदर नसताना पदर सावरल्यासारखं करते, आणि सतरा पायऱ्या स्वतःच्या पायांनी जाते. मी खालून मोजतो. ती सतरावी चढेपर्यंत मी स्क्रू आवळल्यासारखं करतो.

तर खुर्ची चालते आहे, हे तुला कळवायचं होतं. मुलांना आशीर्वाद, दाजींना पेअरबद्दल आभार.

तुझा धाकटा भाऊ,
आ-युआन
(हात धुतले आहेत, तरी कागदावर डाग पडला असेल तर तो ग्रॅफाइट, राग नव्हे.)

ता. क. – दाजींवरचा संशय मी मागे घेतो. हॉर्सपॉवर का विचारले ते मात्र त्यांना विचार.

ता. क. २ – एक गोष्ट वर लिहिली नाही. आईचे प्रश्न तीन होते आणि आम्ही दोनांचेच तुकडे केले. तिसरा राहिला होता, तुझ्याकडे जायचा. तो विचारायच्या आधी तिने मला मोटर तपासायला खाली पाठवलं. मोटर बरी होती. मी तिसऱ्या मजल्यावर उभा राहून ठोकळे पडल्याचा आवाज ऐकला, एकदा, दोनदा, तीनदा. काय पडले ते ती सांगत नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कानाकडे हात आला.

ता. क. ३ – काल संध्याकाळी भाजी निवडताना आईने सहज विचारलं, शिऊ-लुआनच्या डोक्यावर कोण राहतं? सहज, ताई. दाजी आले तसं सहज. मला उशिरा कळलं की ती एकटीची चौकशी करत नव्हती. बाबांची पाटी नेली, तर त्यांच्या डोक्यावरून कोणी चालता कामा नये. तुम्ही सहाव्या मजल्यावर राहता आणि वर अजून आठ मजले आहेत हे मला माहीत आहे. ती तुमच्याकडे लिफ्टने जाते, तिने कधी मोजले नाहीत. एवढं तिला तुझ्या अक्षरात कळव. आठ मजले, त्यांतली माणसं, पोरं असतील तर पोरं, आणि कोणी वर दोरीच्या उड्या मारत असेल तर तेही. मी खोटं लिही म्हणत नाही. फक्त मध्य-शरदाच्या आधी लिही, आणि मी सांगितलं म्हणून लिहितेस असं लिहू नकोस.