मोठा मोबाइल

डिंडोली, सुरत

प्रिय भिकनदादास, धाकट्या योगिताचा नमस्कार.

तू पाठवलेला लॅपटॉप नीट पोचला. पडद्यावर बोट फिरवलं की चालतो, सासूबाईंना फार नवल वाटलं. आईचे गुडघे आता कसे आहेत?

तो घेऊन मी साड्यांच्या डिझाइनच्या कामासाठी मार्केटात गेले. शेठने उघडून पाहिला आणि हसला. "बेन, आ तो मोटो मोबाइल छे." दादा, आत मोबाइलचीच सिस्टिम आहे. त्यांचा डिझाइनचा प्रोग्राम तिच्यावर चालतच नाही. तू दुकानदाराशी भांडू नकोस. बोटाने चालतो एवढंच तो म्हणाला होता.

शेठने ती जागा दुसरीला दिली. मी पुन्हा घरी बसून साड्यांचे धागे कापते. हे म्हणाले, "बरं झालं, उगाच बाहेर जायची कटकट गेली." आता दिवसभर सासूबाई त्यावर मालिका बघतात. घरात सगळ्यांना तो आवडलाय.

आईला मात्र मला काम लागलं असंच सांग. तिने फोटो मागितला तर लॅपटॉपसमोर बसून काढून घेईन. फोटोत काही कळत नाही.

वहिनीला आणि पोरांना आठवण सांग.

तुझी,
योगिता