दोन खोक्यांतली सायकल

११ जून २००६, रवि.
नेट कॅफेत दीड तास, त्यात वीज दोनदा गेली. पण इंग्लंडच्या सायकल दुकानदाराचं, हॅरिसबुवांचं, उत्तर आलंय. सायकल अजून विकली गेलेली नाही. लांबच्या प्रवासाची, पोलादी फ्रेम, हिरवी, मागेपुढे कॅरियर. आधीची मालकीणही शिक्षिका होती आणि माझ्यासारखीच बुटकी. फ्रेम सतरा इंची, चाकं सव्वीस इंची.
माझी उंची चार फूट नऊ. दिग्रसमध्ये माझ्या मापाची एक तर पोरांची सायकल मिळते, नाहीतर बास्केटवाली लेडीज. तिच्यावर तीन दिवसांचं सामान बांधलं की पुढचं चाक उचलतं. सात किमी शाळा, सात परत, असं वीस वर्षं चाललंय आणि वीस वर्षं मी पाय टेकवायला दगड शोधतेय. पुरे झालं.
हीच घेणार.

१३ जून
ह्यांना सांगितलं. जिनिंगमधली कापूस दाबायची प्रेस उघडून पुर्जे रॉकेलमध्ये घालून बसले होते. सीझन नाही तर फिटरला एवढंच काम. हात न थांबवता म्हणाले, दसऱ्याच्या आत येईल का तेवढं बघ.
मुद्दा तोच आहे. एप्रिलमध्ये जयंतीला मी बाला, माझ्या वडिलांना, सगळ्यांसमोर बोलून बसले, की यंदा दीक्षेला पन्नास वर्षं होतात, तू छप्पनला जसा सायकलनं नागपूरला गेलास तशी मी दसऱ्याला जाईन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बा मात्र उठून पाणी प्यायला गेला. लाजला असेल.

२० जून
आणण्याचा खर्च कळला. सायकलीच्या किमतीच्या दीडपट! हॅरिसबुवांना लिहिलं, तुमचा हिशेब चुकलाय, सायकल पंधरा किलोची आहे, किलोचा दर मी पाहिला आहे. त्यांचं शांत उत्तर: बाई, कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकं किती जागा अडवतं तेही बघतात.
आठवीला घनफळ मी शिकवते. पण या भागात जन्म गेला की माणूस सगळं काट्यावर घालतो. कापूस, तूर, रद्दी, आजारी लेकरू. खोक्याला कुणी फूटपट्टी लावेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चीड आली, स्वतःचीच.

२१ जून
सकाळी चहाला ह्यांना मेल वाचून दाखवला. हसले नाहीत, ते एक बरं. म्हणाले, "कापसाचं अन् गाठीचं वजन एकच राह्यते, मंदा. पण सुट्या कापसाले अख्खा ट्रक लागते, गाठ कोपऱ्यात बसते. त्याले म्हणा, गाठ बांधून पाठव."
वीस वर्षं हा माणूस कापूस दाबतोय आणि मी त्याच्याकडून काही शिकले नाही.

२५ जून
रविवार सगळा चित्रात. आमची जुनी सायकल अंगणात उलटी ठेवून ह्यांनी खोलली, मी मोजलं आणि काढलं. चाकं बाहेर. हँडल काढून फ्रेमला समांतर. फोर्क वेगळा. पेडल, सीट, मडगार्ड फ्रेमच्या पोटात. आणि आज कळलं की आपली उंची एकदा तरी कामाला आली: सतरा इंची फ्रेम असल्यामुळे खोकं टपालाच्या मापात बसतं! टपालाला फक्त वजन आणि ठरावीक मापाची हद्द. चाकं मात्र त्यात मावत नाहीत, त्यांचं दुसरं खोकं.
दोन खोकी, समुद्रमार्गे. कुरियरच्या तिसऱ्या हिश्शात. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या, चांगली सायकल काहून खोलून राह्यले म्हणून. म्हटलं, इंग्लंडला शिकवणी देतोय.

२ जुलै
हॅरिसबुवांना चित्रं पटली. तीस वर्षं दुकान चालवतात, पण मडगार्ड असे एकात एक बसतात हे त्यांनाही नवीन होतं म्हणे. हे दिवसभर शीळ घालत होते.
पुढे त्यांनी लिहिलंय, जहाजानं आठ ते दहा आठवडे लागतात, घाई असेल तर विमानानं पाठवू का. मी आठवडे मोजले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हातात. भरपूर वेळ आहे. समुद्रमार्गेच.
एक गोष्ट ठासून लिहिली: बिल एकच करा. सायकल एक, बिल एक. उगीच दोन बिलं झाली तर मुंबईचे कस्टमवाले दोन सायकली समजतील.

७ जुलै
यवतमाळला बँकेत. परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म. "कारण" या रकान्यात मी लिहिलं: सायकल. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म उलटा करून पाहिला, मग आत नेला. आतून मोठे साहेब आले. शिक्षण? उपचार? नाही हो, सायकल. त्यांनी माझ्याकडे पायापासून वर पाहिलं. फार वेळ लागला नसेल. शेवटी सही केली आणि म्हणाले, आल्यावर एकदा दाखवायला आणा मॅडम.
परतताना एसटीत बसायला जागा मिळाली. दिवस चांगला.

१५ जुलै
दोन्ही खोकी निघाली.

१२ ऑग.
शाळेत नवा खेळ. स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारतं, बाई, सायकल कुठवर आली? मी नकाशा टांगलाय आणि रोज टाचणी सरकवते. आज एडनजवळ. सगळा अंदाज आहे, पण मी अंदाज ठामपणे सांगते, त्यामुळे मुख्याध्यापकही मानतात.
घरी वेगळं. जिनिंगचा मालक म्हणतोय, कापसाचा भाव असाच राहिला तर यंदा एकच प्रेस चालवू, दोन फिटर कशाला? हे पुर्जे तिसऱ्यांदा धुतायत. मी म्हटलं, तुम्हाला काढलं तर त्याची प्रेस दोन दिवसांत बसेल. खरंच तसं वाटतं मला.

३ सप्टें.
बाच्या गावाहून, आर्णीजवळून, पत्र. समितीनं ठरवलंय: दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, संध्याकाळी बाचा सत्कार. छप्पनला दीक्षाभूमीवर हजर असलेला गावातला शेवटचा माणूस. शाल, फोटो, भाषण. मी तेव्हा नागपुरात असेन, तो गावात स्टेजवर. छान जमेल.
फोन केला. बा म्हणाला, "हो. ठीक." आणि ठेवून दिला.

१९ सप्टें.
आलं! पोस्टमास्तरांनी शाळेत निरोप पाठवला. शेवटचा तास सोडून पळाले. एक खोकं. कस्टमची पावती भरली, सही केली. ह्यांनी ब्लेडनं कडेकडेनं कापलं. हिरवा रंग मेलमधल्या फोटोत होता त्याहून गडद. एक ओरखडा नाही. चित्रात काढलं होतं तसंच सगळं, मडगार्डसुद्धा. वर हॅरिसबुवांचं बिल, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट.
फ्रेम मांडीवर घेऊन बसले. इतकं आपल्या मापाचं काही मला आजवर मिळालं नव्हतं. ब्लाउज सोडून.
चाकं एकदोन दिवसांत येतील.

२२ सप्टें., शुक्र.
चाकं आली नाहीत. मुंबईहून कागद आला: दुसरे पार्सल बिलाअभावी रोखले आहे, बिल सादर करावे.
बिल पहिल्या खोक्यात. कारण बाईंनी ठासून सांगितलं होतं, सायकल एक, बिल एक. माझीच अक्कल. बिल लगेच स्पीड पोस्टानं पाठवलं, पण पोस्टमास्तर म्हणाले, पाहणी होऊन निघेपर्यंत दसरा होऊन जाईल.
ह्यांनी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

२४ सप्टें., रवि.
बा आला. एसटीनं, न कळवता. फ्रेम ओसरीत खुंटीला टांगली आहे, तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी चाकांची हकीकत सांगितली. म्हटलं, जुन्या सायकलनं जाईन, नाहीतर एसटीनं, जाणं महत्त्वाचं.
मग तो बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. जमेल तसं लिहून ठेवते.
वीस वर्षांचा होता. सायकल मागून आणलेली, गावच्या मास्तरांची. देवळीच्या अलीकडे नदीच्या उतारावर मागचं चाक खड्ड्यात बसलं, आरे तुटले, चाक पार वाकडं. सोबतचे पुढे गेले. सायकल टाकून पायी पळाला असता तर पोचला असता. पण ती दुसऱ्याची होती. ढकलत वर्ध्याला नेली, दुकान बंद, सगळे नागपूरला गेलेले. दुकानदार परतला तेव्हा चाक बांधून मिळालं.
"मी दोन दिवसानं पोचलो, बाई. मैदानात दोऱ्या होत्या, कागदं होते, अन् एक म्हातारा झाडून राह्यलता. मी त्याच्यासंगं झाडलं, अन् वापस आलो. दीक्षा मंग गावातच घेतली, सगळ्याइसंगं."
म्हटलं, इतकी वर्षं बोलला नाहीस.
"लोकं म्हणे, तू गेलता. मी म्हणो, गेलतो. खोटं कुठं होतं? पण आता शाल देऊन राह्यले."
मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते ठरवता येईना. जाताना फ्रेमवर हात ठेवून म्हणाला, "तू येळेवर पोच. मंग पाहतो मी काय बोलायचं ते."
आता एसटीनं जाणं नाही.

२५ सप्टें.
फ्रेम रिक्षात घालून रशीदभाईंच्या सायकल दुकानात. मी सगळी तांत्रिक कारणं सांगितली. परदेशी फ्रेम, मागचा हब रुंद, गिअर वेगळे, आपल्याकडची चाकं बसणं शक्य नाही. ते विडी पीत ऐकत होते. मग आत गेले, पोरांच्या रेंजर सायकलचं पुढचं चाक आणलं आणि फोर्कमध्ये घातलं. बसलं. ब्रेकसुद्धा रिमवर बरोब्बर.
"सव्वीस का चक्का पूरी दुनिया में सव्वीसच रहता, मॅडम."
मागचं मात्र सैल. दोन्ही बाजूंना बोटभर फट.

२७ सप्टें.
ह्यांनी जिनिंगमधल्या लेथवर दोन बुश कातले, लांब आस बसवला, फट भरली. मालकानं विचारलं, कुठल्या मशीनचं काम? हे म्हणाले, घरच्या. मालक बुश हातात घेऊन बघत राहिला. प्रेसचं अजून ठरलेलं नाही.
गिअर नाही. एकच दात-चक्र. चढाला उतरून ढकलेन.

२८ सप्टें.
शाळेला नेली. दोन्ही पाय जमिनीला टेकतात! फाटकाशी उगीच चारदा थांबून पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, परदेशी सायकल ती हीच का, चाकं ओळखीची वाटतात. रजा मंजूर.
ह्यांनी सहा जादा आरे सुतळीनं फ्रेमला बांधले आणि ताणायची किल्ली दिली. आरा बदलायला मला तीनदा लावलं. तिसऱ्यांदा घड्याळ लावून.

२९ सप्टें., यवतमाळ
बाच्या गावावरून आले. तो रस्त्यावर उभा होता. भाकरी बांधून दिली. मागच्या चाकाचा एकेक आरा बोटानं वाजवून पाहिला, गिऱ्हाईक मडकं वाजवतं तसा. 
यवतमाळच्या घाटाआधी दोनदा ढकलली. मांड्या दुखतात. बँकेच्या साहेबांना दाखवली. खाली उतरून आले, बसून बघू का म्हणाले. गुडघे हँडलला लागले.

३० सप्टें., देवळी
कळंबच्या पुढे वारा समोरून. दुपारी नदीच्या उतारावर मागून टक् आवाज. दोन आरे गेले, दोन्ही गिअरच्या बाजूचे. म्हणजे जिथे गिअर असायला हवे होते तिथले. चाक डुलत होतं. बानं खड्डा नेमका कुठे ते सांगितलं नव्हतं, पण मी रस्त्याच्या कडेला बसले तेव्हा तीच जागा असावी असं वाटत राहिलं. भीती वाटली. हे मी इथेच लिहिते, घरी सांगणार नाही.
मग सुतळी सोडली. पहिल्या आऱ्याला चाळीस मिनिटं, दुसऱ्याला पंधरा. एक ट्रकवाला थांबला, टाका गाडीवर म्हणाला. नको म्हटलं. चाक सरळ झालं. पार सरळ नाही, चालण्याइतकं.
आता वसतिगृहात सोबत असलेल्या जुन्या मैत्रिणीकडे आहे. चौकातल्या बूथवरून फोन केले. हे म्हणाले, मुंबईहून काही कळलेलं नाही. मग बाला, सरपंचांच्या घरी.
"चाक?"
म्हटलं, दोन आरे गेले होते. टाकले. चालतंय.
"कुठं गेले?"
नदीच्या उतारावर, म्हटलं.
 बूथवाल्याच्या मीटरवर आकडे पडत होते. मग म्हणाला, "कोणाची सायकल हाये ते ध्यानात ठेव. तुही सोताची हाये. नाहीच चालली, तं टाकून दे रस्त्यावर अन् पायी जाय."
म्हटलं, आणि स्टेजवर काय बोलणार?
"तू तिथून फोन कर. तवा मले समजन."
सरपंचांच्या घरातला फोन समितीच्या मांडवात नेणार आहेत म्हणे, लांब वायर लावून.
चार आरे शिल्लक. उद्या वर्धा आणि पुढे नागपूर. पाचला निघते.