तिवारी मॅडमच्या पेशी

११ नोव्हेंबर

चिकटल्या! अखेर चिकटल्या!

सकाळी इन्क्युबेटर उघडला तर आमच्या पेशंट तिवारी मॅडमच्या गाठीच्या पहिल्या फ्लास्कच्या तळाशी पेशींची छोटी छोटी बेटं. नाझियाला अशी हाक मारली की शेजारच्या लॅबमधली माणसं काही सांडलं की काय म्हणून धावत आली. नाझिया माझी पहिली पीएचडी विद्यार्थिनी, मोजकंच बोलते. मायक्रोस्कोपला डोळे लावून म्हणाली, "मैम, ये तो सच में हैं." तिच्या मानाने हे भाषणच.

टाळूतल्या लाळग्रंथींचा हा ॲडिनॉइड सिस्टिक कॅन्सर महाहट्टी. माणसाच्या तोंडात वर्षानुवर्षं मजेत राहतो, नसांच्या कडेकडेने सरकतो, आणि आमच्याकडे आणला की रुसून मरतो. आजवर जेवढे तुकडे आणले तेवढे मेले. पेशीच नाहीत तर औषध तपासायचं कशावर?

आईला मिरजेला फोन. "ॲडिनॉइड म्हणजे तुझ्या ओवीचे काढले तेच ना? त्याला कशाला एवढं संशोधन?" नाही गं आई, ते लहान मुलांचे, नाकामागचे. नाव तेवढं सारखं, बाकी काही नातं नाही. "मग नाव तरी वेगळं ठेवायचं." बरोबर आहे तिचं.

१४ नोव्हेंबर

ति. मॅ. ओपीडीला आल्या होत्या. भूगोलाच्या शिक्षिका, निवृत्त, आलमबागला एकट्या राहतात. ऑपरेशनमध्ये अर्धी टाळू गेली, आता प्लेट लावतात, आवाज नाकातून येतो, पण बाणा अजून वर्गावर असल्यासारखा. कॉरिडॉरमध्येच गाठलं मला. "हमारे वाले कैसे हैं?"

"बढ़ रहे हैं!" मी म्हणाले. कानापर्यंत हसत. मग जीभ चावली.

"अरे, मुँह क्यों लटका लिया? हमारे अंदर न बढ़ें, आपके डिब्बे में खूब बढ़ें."

त्यांच्या फुफ्फुसात बारीक ठिपके दिसलेत. शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही, आणि ज्यावर भरवसा ठेवावा असं औषध या कॅन्सरला नाही. त्यांना माहीत आहे सगळं. मला वाटतं त्यासाठीच तर त्या मला गाठतात.

२१ नोव्हेंबर

पहिला फ्लास्क भरून वाहतोय. एकाचे दोन केले, दोनाचे चार. मिश्रा सर (विभागप्रमुख, सहसा कपाळाला आठी) स्वतः मलाई गिलौरी, इथली सायीची मिठाई, घेऊन आले. फेब्रुवारीच्या कॉन्फरन्सला हेच बोला म्हणाले. नाझियाला पेशींना नाव द्यायची घाई. पण आमच्या लॅबचा रिवाज म्हणजे रिवाज. पेशींचा डीएनए रोग्याच्या रक्ताशी जुळल्याचा रिपोर्ट आल्याशिवाय नाव नाही. जगात या कॅन्सरच्या म्हणून वापरलेल्या पेशी नंतर भलत्याच निघाल्यात. बारसं रिपोर्टनंतर.

घरी नवऱ्याला, अनंतला, सांगितलं तर तो आपल्या रेल्वेच्याच रुळावर. मानक नगरच्या त्याच्या ऑफिसात दिवसभर तेच. "आमच्याकडे गाडीने एकदम वेग घेतला की आम्ही आधी ब्रेक तपासतो." म्हटलं, जा, मटार सोल.

त्याच गाठीचा दुसरा, वेगळा लावलेला फ्लास्क मात्र ना धड मेला ना जगला. सर म्हणाले, "फेंकिए, जगह घेरे है." टाकवेना. आमच्या घरात शिळी भाकरी कधी टाकली नाही, हा तर फ्लास्क.

३ डिसेंबर

डीएनए आणि रक्त, दोन्ही नमुने हैदराबादला गेले. धुक्यामुळे अमौसी विमानतळावर विमान अडकलं होतं, कुरियरवाल्याला मी एवढे फोन केले की शेवटी तो म्हणाला, "मैडम, कोहरा हम नहीं भेजे हैं."

आणि आज मोठ्ठं! दुसऱ्या कॅन्सरवरच्या एका औषधाच्या पहिल्या डोसला चारातल्या एका फ्लास्कमधल्या बहुतेक पेशी मेल्या. नाझिया आणि मी लॅबमध्ये अक्षरशः नाचलो. रिपोर्ट यायच्या आधी औषध घालायला नको होतं, कळत होतं. पण हात थांबतो थोडाच.

घरी ओवी: "मम्मा, उस दिन कैंसर बढ़ने पे खुश थीं, आज मरने पे भी खुश?" मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. म्हटलं, हो, दोन्हीवर खूश. आईचा धंदाच तसा आहे.

५ डिसेंबर

ति. मॅ. भेटल्या. सांगून टाकलं, एका औषधाचा असर दिसतोय. त्यांनी माझा हात धरला. नुसता धरून ठेवला.

बोलायला नको होतं. पण आनंद पोटात राहीना...

१५ डिसेंबर

रिपोर्ट आला. पेशी त्यांच्या नाहीत.

जिभेच्या कॅन्सरच्या आहेत. आमच्याच लॅबमधल्या, जुन्या, बेशरमासारख्या वाढणाऱ्या. शंभर टक्के त्याच.

कसं झालं ते शोधायला दुपार गेली. ऑक्टोबरात मिडियमचा, म्हणजे पेशींच्या खाद्याचा, पुरवठा आला नव्हता. तेव्हा एक दिवस एकाच बाटलीतून जिभेच्या आणि मॅडमच्या, दोन्ही पेशींना मिडियम घातलं गेलं. एक बाटली एका जातीच्या पेशींना, हे आम्ही पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना शिकवतो. जिभेच्या फ्लास्कला लागलेली पिपेट बाटलीत गेली असणार, बाटलीतून एखाद-दुसरी पेशी इकडे. एक पुरते. त्या दिवशी नाझिया होती आणि मीही होते. कुणाचा हात, दोघींनाही आठवत नाही.

नाझिया बाथरूममध्ये रडून आली. म्हटलं, अगं, मीही तिथेच होते ना, आणि नाचले तर तुझ्यापेक्षा जास्त. औषधाने मारल्या त्या जिभेच्या पेशी. त्या त्याने मरतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे! मी ते नव्याने शोधून काढलं आणि गिलौरी खाल्ली.

चारी फ्लास्क ब्लीचमध्ये. जेवले नाही. अनंतने ब्रेकचा विषय काढला नाही, एवढी त्याची कृपा.

१६ डिसेंबर

एक मिनिट. एक मिनिट!

दुसरा फ्लास्क. तो इतका आळशी की त्या दिवशी त्याचं मिडियम बदललंच नव्हतं! खाल्लेलंच नव्हतं तर बदलायचं काय. म्हणजे त्या बाटलीतला थेंबही त्याला लागलेला नाही. आणि जिभेची एक जरी पेशी आत शिरली असती तरी एव्हाना तोही भरून वाहिला असता.

सकाळी पहिल्यांदा नीट बसून पाहिला. दोन-तीन पुंजके, पण जिवंत. सुस्त, गोलसर, आपल्याच तंद्रीत. हा कॅन्सर तर असाच असतो! वेग पाहून मला शंका यायला हवी होती, मी पेढे वाटायला निघाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

थोड्या पेशी काढून जेलमध्ये, म्हणजे खरवसासारख्या मऊ थरात, घातल्या; तिथे त्या शरीरातल्यासारखा आकार धरतात. मिडियमची नवी बाटली, वर नाझियाने लाल मार्करने लिहिलं, "किसी और को छुआ तो देख लेना."

२२ डिसेंबर

ति. मॅ. ना सांगायचं होतं. आठवडाभर टाळलं, आज गेले. त्यांनी चहा केला, स्वतःचा कोमट झाल्यावर प्यायल्या, प्लेटमुळे गरम चालत नाही.

सगळं सांगितलं.

"तो वो दवा..."

"किसी और के कैंसर पर लगी थी, मैडम. आपके नहीं."

"मतलब परीक्षा की कॉपी बदल गई."

"जी."

"बोर्ड की कॉपियों में होता है. बच्चा फेल होते-होते पास हो जाता है, पास वाला फेल." कप खाली ठेवला. "बुरा तो लगा हमको. हमने बहन को फ़ोन कर दिया था." मग माझ्याकडे न बघता, "फिर से जाँचिए. कुछ बचा है कि नहीं?"

एक आहे, म्हणाले, पण फार सुस्त.

"सुस्त है तो हमारा ही होगा. सर्जन साहब पहले दिन से यही कह रहे हैं, सुस्त बीमारी है."

मेट्रोत रडू आलं. लाजेने, आणि दुसरंही काही होतं. बहिणीला फोन केला होता त्यांनी.

४ जानेवारी

जाळी पडली!! जेलमधल्या पेशींच्या गोळ्यांत गोल गोल पोकळ्या. अगदी जाळीदार घावन. ति. मॅ. च्या बायोप्सीची काच शेजारी ठेवून पाहिली, तीच नक्षी. जिभेच्या पेशी सात जन्मात असं करणार नाहीत.

नाझिया म्हणाली, "मैम, अब तो पक्का?" नाही. पक्कं नाही. नक्षी म्हणजे पुरावा नव्हे. या वेळी नाचणार नाही असं ठरवलं आणि मग जिन्यात, कुणी नाही बघून, थोडं...

पुरेशा पेशी जमल्या, नमुने आज गेले. ही वाढ इतकी मंद की त्यात बहुतेक पेशी संपल्या. फ्लास्कमध्ये एकच पुंजका उरलाय.

९ जानेवारी

ति. मॅ. चा नवा स्कॅन. ठिपके वाढलेत. थोडेच, पण वाढलेत. मिश्रा सर म्हणाले, धीर धरा, ही बीमारी धीरे चलती है. चलती तो है ना, सर.

आता रिपोर्ट माझ्या कॉन्फरन्ससाठी नकोय मला. तिथल्या वक्त्यांच्या यादीतून नाव काढून घेतलंय. सरांची आठी परत आली, येऊ दे.

१५ जानेवारी

काल खिचडीची, म्हणजे इथल्या संक्रांतीची, सुट्टी होती. आज ति. मॅ. लॅबमध्ये हजर, हातात तिळाचे लाडू. म्हणाल्या, "दिखाइए." सरांना विचारलं, त्यांनी मान डोलावली.

नाझियाने स्टूल उंच करून दिलं. त्या चष्मा काढून वाकल्या. मी फोकस करून दिला.

"ये हमारे हैं?"

"अभी कह नहीं सकती, मैडम. रिपोर्ट आने दीजिए."

खूप वेळ बघत राहिल्या. वाटलं हळव्या होतील, मीच झाले होते. पण मान वर केली तेव्हा चेहरा लालबुंद. एवढ्या महिन्यांत त्यांना रागावलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"बस इतने से? इन्हीं के लिए हमारा तालू गया?"

मग त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला, लाडवाचा डबा नाझियाच्या हातात दिला.

"रिपोर्ट आए तो पहले हमको फ़ोन मत कीजिएगा. पहले इनको दवा दीजिएगा. फ़ोन बाद में."

मी हो म्हणाले.

त्या गेल्यावर नाझियाने फळा स्वच्छ पुसला आणि विचारलं, "मैम, सबसे पहले कौन सी?" मी एका औषधाचं नाव सांगितलं, तिने दुसऱ्याचं. भांडलो. तिसरं लिहिलं, चौथं लिहिलं, पेशी पुरतील का याचा हिशेब चुकला, पुन्हा पुसलं. संध्याकाळपर्यंत फळा भरला होता.

रिपोर्ट अजून आलेला नाही.