आठ वॉकीटॉकी आणि एक बडबड्या

३ मार्च, सोमवार

आठपैकी पाच वॉकीटॉकी दुपारच्या जेवणाआधीच मेले. पाच! अकराव्या मजल्यावरून माणसं खाली शिट्ट्या मारत होती. बांधतोय तीस मजले आणि निरोप पोचतोय शिट्टीने!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाई, स्टोअर तुमचं. बॅटऱ्या आणि चार्जर नवे घेऊन टाका. निवड सगळी तुमची." मी दाराशी पोचते न पोचते तोच — "पण स्वस्तातलं बघा हं. शेवटी बॅटरी ती बॅटरी." म्हणजे निवड माझी आणि अक्कल त्यांची.

संध्याकाळी चार्जर बघितला. प्लग काढून ठेवलेला! त्या जागी कुणाचा तरी मोबाईल ऐटीत चार्ज होत होता. बॅटऱ्यांच्या पट्ट्यांवर सिमेंटचा थर. खोडरबर घेऊन आठही घासत बसले. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं ते याचसाठी.

४ मार्च, मंगळवार

सकाळी चार्जरभोवती झुंबड. ज्या बॅटरीचा दिवा आधी हिरवा होतो, तिच्यावर सगळे तुटून पडतात. अरे, म्हाताऱ्या बॅटरीच्या पोटात जागाच उरलेली नसते, म्हणून ती आधी भरते! आधी भरते आणि आधी मरते. किती वेळा सांगायचं? फोरमन म्हणतो, "पण मॅडम, हिरवा म्हणजे फुल्ल ना?" मी हात टेकले.

सगळ्यात जास्त बॅटऱ्या खातो तो बडबड्या. याचं काम काय — क्रेनने माल वर आला की तो कुठे उतरवायचा, हे क्रेनवाल्याला वॉकीटॉकीवर सांगायचं. क्रेनवाला बसतो आभाळात, त्याला मजल्याच्या आतलं काही दिसत नाही. कबूल. पण सांगण्यासारखं असून असून किती असणार? खाली, थांब, झालं. हा मात्र बटण दाबून धरतो आणि "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे..." तोंडाचा पट्टा अखंड सुरू! बॅटरी ऐकण्याने जात नाही, बोलण्याने जाते, हे शेंबडं पोरही सांगेल.

क्रेनवाला बघा. त्याला सगळे 'वरचा' म्हणतात. तोंडातून शब्द नाही. समजलं की बटण दोनदा दाबतो — टक टक. बस्स. माणूस असावा तर असा.

आणि माझ्या लेकीला पसंत पडला तो बडबड्या.

५ मार्च, बुधवार

लेक म्हणाली, "आई, रविवारी त्याला जेवायला बोलावू?"

म्हटलं, "बोलव. चार्जर बरोबर आण म्हणावं."

हसली नाही. "तुला त्याचं नेमकं काय खटकतं?"

"आवाज."

भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा बोलायचे नाहीत. छातीत दुखतंय एवढंसुद्धा बोलले नाहीत." आणि आत निघून गेली.

ही मुलगी वाद घालत नाही. एक वाक्य टाकते आणि निघून जाते. रविवारचं जेवण रद्द.

६ मार्च, गुरुवार

बॅटरीचा विक्रेता आला होता. केसाला तेल, जिभेलाही तेल. चकचकीत बॅटरी टेबलावर ठेवली. वर आकडा एवढा मोठा की चष्मा नको. "दोन दिवस उतरणार नाही, मॅडम! आणि चार्जर कुठलाही चालतो." कुठलाही चालतो म्हणणारा माणूस कशालाच चालत नाही. मी जुनी मूळ कंपनीची बॅटरी आणि याची बॅटरी, दोन्ही स्टोअरच्या काट्यावर ठेवल्या. याची पाऊणपटसुद्धा भरली नाही. म्हटलं, "आकडा जड आहे, बॅटरी हलकी." तरी नमुना ठेवून गेलाच. निगरगट्ट.

७ मार्च, शुक्रवार

निर्णय व्हायला साहेबांना वेळ लागणार. तोवर आहे त्या बॅटऱ्या पुरवायच्या. म्हणून आज मोठ्या अक्षरात कागद लिहून चार्जरवर चिकटवला — 'वॉकीटॉकीवर गरजेपुरतंच बोला. बॅटरी वाचवा.' बडबड्याने वाचला. माझ्याकडे बघितलं. "बरं, मॅडम," म्हणाला आणि गेला. दोनच शब्द! कागद लिहायला इतकी वर्षं का लावली मी?

८ मार्च, शनिवार

कौंटरवरच्या माझ्या वॉकीटॉकीवर दिवसभर शांतता. मधूनच "खाली." मग टक टक. मग "झालं." स्वर्ग!

१० मार्च, सोमवार

अजून शांतता. एकही बॅटरी चारच्या आत गेली नाही, फक्त बडबड्याची तेवढी अकराला गेली. त्याने निमूट बदलून घेतली. चेहरा पांढराफटक. उन्हाचा असेल.

११ मार्च, मंगळवार

आज वरचा स्टोअरमध्ये आला. तीन वर्षांत पहिल्यांदा! दारात उभा राहून चपला काढू लागला. म्हटलं, इथे सिमेंट आहे, राहू द्या.

म्हणाला, "ताई, तो कागद काढा."

"का?"

"तो येऊ दे, येऊ दे करतो ना, ती बडबड नाही. मला खालचं दिसत नाही. त्याचा आवाज येतोय तोवर सोडायचं. आवाज तुटला की हात जागच्या जागी थांबवायचा. आमच्या कामाचा नियमच आहे तो." एवढं बोलूनच त्याला धाप लागली. "पण बॅटऱ्या रोज मरायला लागल्या. दर वेळी थांबलो की साहेब ओरडायचे, मग मी अंदाजाने उतरवायला लागलो. चूक माझी. त्यात तुमचा कागद. काल तो गप्प झाला. मला वाटलं, बॅटरी वाचवतोय. मी येऊ दिलं."

"मग?"

त्याने हाताची वीत करून दाखवली. "क्रेनला टांगलेली लोखंडी प्लेट त्याच्या डोक्यावर एवढी राहिली. त्याची बॅटरी मेली होती. मागे भिंत, बाजूला सळया, सरकणार कुठे? ओरडत होता म्हणे. मला कुठलं ऐकू येतंय? कुणीतरी शिट्टी मारली म्हणून थांबलो."

तो गेल्यावर कागद फाडला. मग बडबड्याला बोलावून झापलंच, "हे मला सांगितलं का नाहीस?"

"कागद तुमचा होता ना, मॅडम."

माझा राग येत नाही या माणसाला! आला असता तर बरं झालं असतं. दिवसभर जगाची अक्कल काढत फिरते मी. सगळ्यांत मोठा शहाणपणा चार्जरवर चिकटवला होता तो माझ्याच अक्षरात.

लेकीला काहीच सांगितलं नाही.

१२ मार्च, बुधवार

आता कुणाच्या तोंडी बोलण्यावर विश्वास नाही. परीक्षा! एका वॉकीटॉकीत विक्रेत्याचा नमुना, दुसऱ्यात मूळ कंपनीची नवी, मुख्य गोदामातून मागवलेली. दोन्ही रात्रभर चार्ज केलेल्या, आपापल्या चार्जरवर. रिकाम्या चॅनेलवर लावून सकाळी आठला दोन्हींची बटणं दाबली आणि बोलायला लागले. काय बोलणार? जे तो बोलतो तेच. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू. हमाल दाराआडून हसत होते. हसा!

साडेदहापर्यंत माझा घसा बसला. अकराला नमुन्याने मान टाकली. 'दोन दिवस'वाली! मूळ कंपनीची संध्याकाळी काम सुटेपर्यंत तग धरून होती. माझा आवाज मात्र दुपारीच संपला, मग नुसतंच बटण दाबत राहिले.

हे तो रोज करतो. उन्हात, टांगलेल्या लोखंडाकडे मान वर करून.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांपुढे परीक्षेचा कागद ठेवला. वाचला नाही. "बाई, किती खोलात जाता! ती चकचकीतच घ्या, बरी दिसते."

बरी दिसते! बॅटरी घ्यायची आहे की सून?

म्हटलं, "हो साहेब. आज वरची पाहणी आहे ना तुमची? हीच लावून देते." कालचीच, पुन्हा भरलेली. साहेब फोनवर बोलावं तसे वॉकीटॉकीवर गप्पा मारत लिफ्टने चौदाव्या मजल्यावर गेले. मालाची लिफ्ट खाली गेली. ती परत बोलवायची कशाने? बॅटरी संपलेली. मोबाईल केबिनमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर वाजत पडलेला. मी उचलला नाही, साहेबांचा फोन मी कशाला उचलू?

साहेब जिन्याने उतरले. चौदा मजले! आल्या आल्या पाणी प्यायले आणि मूळ कंपनीच्या बॅटऱ्यांच्या मागणीवर सही केली, पेनसुद्धा माझंच.

१७ मार्च, सोमवार

माल आला. मूळ कंपनीच्या सोळा बॅटऱ्या, त्यांचेच दोन चार्जर. परका चार्जर लावला की बॅटरी फुगते, हे साहेबांना सांगितलं नाही, नाहीतर म्हणाले असते, फुगली तर मोठी होईल. प्रत्येकीवर मार्करने आजची तारीख. एका वॉकीटॉकीला दोन बॅटऱ्या, जेवणाच्या सुट्टीत अदलाबदल. चार्जरचे प्लग टेपने बांधून टाकले. आता लावा मोबाईल!

चार्जरवर नवा कागद — 'आवाज थांबला की माल थांबवा. विचारल्याशिवाय हलवू नका.' वरच्याला वाचून दाखवला. टक टक.

१९ मार्च, बुधवार

येऊ दे, येऊ दे, येऊ दे. आठ ते सहा. डोकं उठतं. कौंटरवरचा आवाज कमी करायला हात गेला, पण केला नाही. लेकीने विचारलं, "रविवारी?" म्हटलं, "बघू."

२० मार्च, गुरुवार

सकाळचे सव्वादहा. सळयांचा भारा चौदाव्यावर उतरत होता. "येऊ दे, येऊ दे, येऊ—"

संपलं.

लगेच फोरमन सुरू, "गेली वाटतं बॅटरी! उतरवा हो, काम खोळंबलंय!" साहेबांचा आवाज, "हीच का ती भारी बॅटरी, बाई?" सगळे हसले. मग वरच्याचा आवाज आला. वॉकीटॉकीवर मी तो पहिल्यांदाच ऐकला. "मी हलवणार नाही."

सव्वादहाला? माझी बॅटरी? आठला लावलेली, मी स्वतः तारीख घातलेली! मरणं शक्यच नाही. आणि बॅटरी मेलेली नाही तर मग— मी पळाले. छप्पन्न वर्षांची बाई पदर खोचून लिफ्टकडे पळाली, हमाल बघत राहिले.

फळ्यांच्या थप्पीवरून घसरून तो तोंडावर पडला होता. बेशुद्ध. फरशीवर रक्त. भारा त्याच्या पाठीच्या दोन हात वर लटकत होता, जागच्या जागी. वॉकीटॉकी हातातच, दिवा लख्ख चालू. मी तो घेतला आणि बटण दाबलं. म्हटलं, "वर घ्या. माणूस आहे खाली."

टक टक. आणि भारा वर गेला.

२१ मार्च, शुक्रवार

वाचला. जबडा मोडलाय, तारांनी बांधलाय. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे बोलायचं नाही.

ओठांवर आलं होतं, चला, सुटलो एकदाचे! लेक त्याच्या उशाशी बसली होती. बोलले नाही. कामावर त्याच्या जागी दुसरा आलाय. आवाज बरा आहे, नियमाने बोलतो. तरी दिवसभर मी दर दोन मिनिटांनी वॉकीटॉकीकडे बघत होते. मला त्याची आठवण येते. लिहून टाकलं, झालं.

२३ मार्च, रविवार

दवाखान्यात गेले. लेकीदेखत त्याला म्हटलं, "हे बघ, माझ्या घरात गप्प राहिलेलं मला चालणार नाही. तार निघाली की दिवसभर बोलायचं. कबूल?"

त्याने पलंगाच्या दांडीवर बोटाने दोनदा वाजवलं.