शुक्रवारपर्यंतच्या सह्या

प्रिय आई,

नमस्कार. आधीच सांगतो, मी धडधाकट आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझी गुडघेदुखी कशी आहे?

माझं काम तुला अवघड वाटतं, पण तसं नाही. उतारावरचं गवत कापायचं यंत्र मी बाजूला उभा राहून रिमोटने चालवतो. रोज आधी उतार पायी फिरून बघायचा, खाली कोणी नाही ना ते पाहायचं, लाल बटण दाबून यंत्र थांबतं का ते तपासायचं आणि मग कागदावर सही करायची. आमचे साहेब मात्र सोमवारीच आठवड्याभराच्या सह्या उरकून घेतात. मीही खुशाल ठोकून दिल्या.

बुधवारी काही न तपासताच यंत्र चालू केलं. मध्येच थांबवायला लाल बटण दाबलं, पण ते थांबलंच नाही. ओल्या गवतावरून घसरत खाली गेलं. तिथे माझा जोडीदार डबा उघडून बसला होता. त्याचा पाय गेला. मला साधं खरचटलंही नाही.

साहेबांनी कागद नाकासमोर धरला. "सही तुझीच ना?" मी हो म्हणालो. माझीच होती.

घरातून निघताना तू कुलूप तीनदा ओढून बघायचीस आणि मी दात काढायचो. अजून ओढतेस ना? ओढत जा.

आज शुक्रवार. यंत्र मोडून गोदामात पडलंय. कागदावर मात्र ते आजही ठणठणीत आहे, खाली माझी सही आहे.

तुझा,
थोरला